वजन किती आणि वजन कशाचे

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला दवाखान्यातून घरी आणले की आठवडाभरात त्याचे वजन तीन-चार किलोंनी उतरलेले दिसते. लघवीच्या गोळीने अंगावरचे पाणी निघालेले असते, पायांची सूज गेलेली असते, झोप लागू लागलेली असते. घरातले म्हणतात, ‘वजन उतरलं, बरं झालं.’ ते बरोबरच असते. पण पुढच्या सहा-आठ महिन्यांत आणखी चार-पाच किलो हळूहळू जातात, गालफडे बसतात, सदरा खांद्यावरून ओघळतो, आणि तेव्हाही घरात तेच म्हटले जाते: ‘बारीक झालं ते चांगलंच, हृदयावरचा भार कमी झाला.’ या दुसऱ्या वेळी मात्र तो समज घात करू शकतो. न ठरवता, न सांगता गेलेले वजन हे या आजारातल्या सर्वांत गंभीर लक्षणांपैकी एक आहे.

कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावाला हे नीट कळणे फार गरजेचे आहे. इथला रुग्ण हृदयाच्या तपासण्यांसाठी हिंगोली किंवा नांदेड गाठतो. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून आहेच. तरी दोन तपासण्यांच्या मधले महिने रुग्ण घरीच काढतो. त्या महिन्यांत आजाराची चाल ओळखायची तर हाताशी एकच साधन असते, ते म्हणजे वजनकाटा. म्हणून त्यावरचा आकडा वाचायचा कसा, हे शिकून घ्यायला हवे.

हृदय बंद पडत नाही, थकते

‘हार्ट फेल’ म्हटले की हृदय बंद पडले असे वाटते. प्रत्यक्षात हृदय चालू असते, पण शरीराला लागते तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलण्यासाठी त्याला आतला दाब फार वाढवावा लागतो. आपल्याकडे लोक ‘पंपिंग पस्तीसवर आलंय’ म्हणतात. टू-डी इको तपासणीत निघणारा तो आकडा, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडते त्याचे माप. निरोगी माणसातही ते शंभर नसते; साधारण ५५ ते ७० च्या दरम्यान असते. काही रुग्णांत मात्र पंपिंग चांगले असूनही हृदय ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही, आणि धाप तितकीच लागते. लठ्ठपणा, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्यांत हा दुसरा प्रकार जास्त दिसतो.

कारणे अनेक आहेत. हार्ट अटॅकने मेलेला स्नायू हे सर्वांत मोठे कारण. त्याखेरीज वर्षानुवर्षे अंगावर काढलेला रक्तदाब, लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा, दारू, क्वचित बाळंतपणानंतर दुबळे झालेले हृदय. भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदवहीत २०१९-२० मध्ये ५३ रुग्णालयांतल्या १० हजार ८५१ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या नोंदवहीत ते ७२ होते. म्हणजे आपल्याकडे हा आजार दहा-बारा वर्षे आधी, घर चालवणाऱ्या माणसाला गाठतो. आपल्या नोंदवहीतले सुमारे १४ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावले. १६ देशांतल्या रुग्णांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण चीनमध्ये ७ टक्के, तर भारतात २३ टक्के होते.

डॉक्टरांनाही कोड्यात टाकणारा निष्कर्ष

लठ्ठपणाने हार्ट फेल्युअर होण्याची शक्यता वाढते, यात शंका नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,८८१ लोकांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून २००२ मध्ये निष्कर्ष निघाला की बीएमआय एका अंकाने वाढला तर हा धोका पुरुषांत ५ आणि स्त्रियांत ७ टक्क्यांनी वाढतो. बीएमआय म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६० किलोच्या माणसाचा बीएमआय २२ येतो.

पण एकदा आजार जडला की चित्र उलटे दिसू लागते. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये पंपिंग खालावलेल्या १,२०३ रुग्णांचा हिशेब मांडला. जाड रुग्ण आधी मरतील अशी अपेक्षा होती, तसे झाले नाही. २००७ मध्ये अमेरिकी रुग्णालयांतल्या जवळपास १ लाख ९ हजार भरत्यांची माहिती तपासली गेली. सर्वांत कमी बीएमआयच्या गटातले ६.३ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, सर्वांत जास्त बीएमआयच्या गटातले २.४ टक्के. जगभर असेच आकडे येत गेले आणि ‘लठ्ठपणाचा विरोधाभास’ हे नाव रूढ झाले.

यावरून ‘मग जाड राहिलेलेच बरे’ असा अर्थ काढणे सोपे होते, आणि काहींनी तो काढलाही. पण आधी विचारायला हवे की हे वजन कशाचे होते.

पाणी, चरबी आणि स्नायू

या आजारात काट्यावरच्या आकड्यात प्रामुख्याने तीन गोष्टी बदलत असतात: पाणी, चरबी आणि स्नायू. तिघांचा अर्थ वेगळा, आणि तिघांच्या बदलाचा वेगही वेगळा.

हळदीच्या या मुलखात हे समजावायला फार लांब जायला नको. ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून मोंढ्यावर नेईपर्यंत एका क्विंटलचे साधारण वीस किलोच उरतात. म्हणून व्यापारी नुसत्या काट्यावर विसंबत नाही. कांडी मोडून बघतो, ओलावा किती ते पाहतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे वजनही असेच, ओल किती आणि माल किती, हे पाहून वाचायचे असते.

पाणी दिवसांत बदलते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हृदय कमी पडले की मूत्रपिंडाला वाटते, शरीरातले पाणी घटले आहे. ते मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, तर ते खाल्ल्याने वाढलेले नसते. पाय सुजलेले दिसायच्या आधीच काटा ते सांगतो. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून काढला आणि खळगा राहिला, तर पाणी साचून बरेच दिवस झालेले असतात.

चरबी आणि स्नायू आठवड्यांत, महिन्यांत बदलतात. त्यात स्नायू जाणे सर्वांत वाईट. मांडीचे आणि पाठीचे स्नायू चालायला लागतात, बरगड्यांमधले आणि छातीखालचे श्वास घ्यायला लागतात. ते झडले की तेवढ्याच पंपिंगवर माणूस जास्त धापा टाकतो.

फसगत होते ती पाणी आणि स्नायू एकाच वेळी उलट्या दिशेने बदलतात तेव्हा. रुग्णाचे चार किलो मांस गेले आणि चार किलो पाणी साचले, तर काटा ‘वजन तेवढंच आहे’ असे सांगेल. अशा वेळी अंगाकडे बघावे. बाईच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून सरकत कोपराकडे जाऊ लागतात, ब्लाउजच्या बाह्या सैल होतात, आणि त्याच वेळी परकराची नाडी मात्र पोटावर काचते. दंड आणि खांदे खरे वजन दाखवतात, कारण चालत्या-फिरत्या माणसाच्या दंडात सहसा पाणी साचत नाही. पोट आणि पाय पाणी दाखवतात. दंड बारीक आणि पोट फुगलेले, हे चित्र दिसले की वाट बघू नये.

आजार अंगाला कसा खातो

१९९७ मध्ये श्टेफान आंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या १७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांत किंवा त्याहून जास्त काळात, न ठरवता, साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त वजन गमावलेल्यांना त्यांनी वेगळे काढले. अठरा महिन्यांत त्यातले निम्मे रुग्ण गेले; बाकीच्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. पंपिंगचा आकडा, वय, चालण्याची क्षमता हे सगळे धरूनही वजनातली घट हा धोक्याचा स्वतंत्र इशारा ठरला. पुढे २००३ मध्ये याच गटाने मोठ्या औषध-चाचणीतली माहिती तपासून दाखवले की ६ टक्के किंवा जास्त घट ही मृत्यूची ठळक पूर्वसूचना आहे. साठ किलोच्या माणसात ६ टक्के म्हणजे साडेतीन किलो. घरात कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढेच.

हे वजन जाते कुठे? थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबते, त्याने यकृत आणि आतड्यांना सूज येते. चार घास खाल्ले की पोट गच्च वाटते, अन्नावरची वासना उडते, खाल्लेले अंगी लागत नाही. शरीरात दाह चालू राहतो; स्नायू तोडणारी रसायने वाढतात, बांधणारी कमी पडतात. रात्रंदिवस धापेने श्वास घ्यायलाच शक्ती खर्च होते. त्यात माणूस खाटेला धरून बसला की न वापरलेले स्नायू आणखी झडतात. म्हणजे खाणे कमी, खर्च जास्त आणि बांधणी बंद, असा तिहेरी मार बसतो. ‘वयामुळे हटले’ म्हणून तो सोडून देणे चूक आहे.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की याला काही प्रमाणात अटकाव करता येतो. त्या २००३ च्या विश्लेषणात एनालाप्रिल ही जुनी, स्वस्त गोळी घेणाऱ्यांत अशी घट होण्याचा धोका १९ टक्क्यांनी कमी होता. हृदयावरचा ताण उतरवणारी औषधे अंगही राखतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्याचे नुकसान म्हणूनच दुहेरी असते.

मग जाडी तारते का?

आता त्या कोड्याकडे परत जाऊ. कमी बीएमआयच्या गटात जन्मापासून सडपातळ असलेले लोक होते, तसेच आजाराने खंगून बारीक झालेलेही होते. दोघांची एकत्र मोजदाद केल्यावर ‘बारीक माणसे जास्त मरतात’ असेच दिसणार. बारीकपणा तिथे अनेकदा आजाराचा परिणाम होता, मृत्यूचे कारण नव्हे. दुसऱ्या बाजूला जाड माणसाला धाप लवकर लागते, तो डॉक्टरकडे लवकर जातो, त्याचा आजार तुलनेने सौम्य असताना पकडला जातो. शिवाय जाड माणसाकडे चरबीबरोबर थोडा जास्त स्नायूही असतो, आणि लांबणाऱ्या आजारात तो साठा उपयोगी पडतो.

दोन अभ्यासांनी गाठ बरीच सोडवली. २०१३ मध्ये अमेरिकेत दोन हजारांवर रुग्णांची दम टिकवण्याची क्षमता मोजली गेली. ज्यांची क्षमता चांगली होती त्यांच्यात जाड-बारीक असा फरकच उरला नाही, सगळेच चांगले जगले. जाडीचा फायदा दिसला तो फक्त कमजोर रुग्णांत. २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय औषध-चाचणीतल्या आठ हजारांवर रुग्णांत बीएमआयऐवजी कमरेचा घेर आणि उंची यांचे गुणोत्तर लावले आणि आजाराची तीव्रता हिशेबात धरली, तेव्हा तो विरोधाभास नाहीसाच झाला. पोटाचा घेर जास्त असलेल्यांना पुन्हा पुन्हा भरती व्हावे लागण्याचा धोका उलट जास्त निघाला.

ताठर हृदयाच्या प्रकारात तर वजन उतरवण्याचा फायदा चाचण्यांत दिसला आहे. २०२३ मध्ये बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्या ५२९ रुग्णांत सेमाग्लुटाइड या औषधाने वजन सरासरी १३ टक्क्यांनी उतरले, धाप कमी झाली, चालण्याचे अंतर वाढले. २०२४ मध्ये ७३१ रुग्णांवरच्या टिर्झेपटाइडच्या चाचणीत आजार बळावण्याचे प्रसंग घटले. मात्र त्याने आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध झालेले नाही. ही महाग औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत. ठरवून, स्नायू राखून उतरवलेले वजन आणि आजाराने हिसकावून नेलेले वजन, काट्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण रुग्णासाठी त्यांचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पुण्याने जगाला दिलेला धडा

बीएमआयवर विसंबू नये, हे आपल्या महाराष्ट्रातूनच जगाला कळले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. तपासणीत युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. वजन तेच, पण चरबी दुपटीहून जास्त.

याची मुळे गर्भापर्यंत जातात. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ही ‘बारीक पण चरबीयुक्त’ ठेवण आपण आयुष्यभर वागवतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात, आणि पुरुषांसाठी ९०, स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा सांगतात.

हार्ट फेल्युअरपुरता याचा अर्थ मला असा दिसतो: आपला रुग्ण आजारात शिरतो तोच स्नायूंचा तोकडा साठा घेऊन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर पाच स्त्रियांतली एक कमी वजनाची आढळली, आणि त्याच राज्यात जवळपास चौथा हिस्सा स्त्रिया जादा वजनाच्या. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, दोन्ही आहेत. अमेरिकेतला शंभर किलोचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून दिलेला ‘वजन कमी करा’ हा सल्ला शेतमजुरी करणाऱ्या ४२ किलोच्या बाईला लावणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे आहे.

घरी करायचे ते

रोज सकाळी, लघवी-संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करावे आणि वहीत लिहावे. सूज पूर्ण उतरल्यावरचे वजन डॉक्टरांना विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवावे. त्याला ते ‘ड्राय वेट’ म्हणतात. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली, किंवा झोपताना एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आपल्या मनाने लघवीची गोळी वाढवू नये.

महिन्यातून एकदा शिंप्याच्या टेपने उजव्या दंडाचा मधला घेर आणि बेंबीच्या पातळीला कंबर मोजावी. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठता-बसता येते का ते पाहावे. वर्षात पाच टक्के वजन न ठरवता गेले, तर पुढच्या भेटीची वाट न बघता दाखवावे. थायरॉइड, क्षयरोग, मधुमेह यांनीही वजन जाते. तेही तपासून घ्यावे लागते.

जेवणात मीठ आवरायचे आहे, जेवण नव्हे. आपल्याकडे मीठ लपते ते पापड, लोणचे, कुरडया, फरसाण आणि ठेच्यात. पापडखारातही सोडियम असतेच. ते टाळून भाजी-वरणात बेताचे मीठ ठेवले, तर जेवणाची चव राहते. सगळेच अळणी करून माणसाने ताटच बाजूला सारले, तर नुकसान जास्त. २०२२ मध्ये ८०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत फार कडक मीठबंदीने मृत्यू किंवा भरती कमी झालेली दिसली नाही.

दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे. प्रत्येक वेळी प्रथिनांचे काहीतरी हवे: घट्ट वरण, मुगाची उसळ, दही, अंडे, दाण्याचा कूट, भाकरीच्या पिठात थोडे सोयाबीनचे पीठ. या तालुक्यात सोयाबीन पोत्यांनी पिकते आणि सगळे मोंढ्यावर जाते. त्यातले दोन-चार किलो भाजून, दळून घरात ठेवायला हरकत नाही. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर प्रथिने किती, हे डॉक्टरांना विचारावे. उपवासाचेही तसेच. साबुदाण्यात जवळपास सगळे पिष्टच असते. नवरात्राचे नऊ दिवस त्यावर काढले तर दुबळ्या शरीरातला स्नायू खर्ची पडतो. श्रद्धा राखून, दूध-दही-दाणे वाढवून किंवा एक वेळ जेवून मार्ग काढता येतो; डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे.

आणि चालावे. सूज आणि धाप आटोक्यात आल्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने, रोज थोडे वाढवत. २००९ मध्ये २,३३१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत व्यायाम सुरक्षित ठरला. खाटेवरची सक्तीची विश्रांती स्नायू घालवते, चालणे ते राखते.

आपल्या अंगणवाडीत बाळाचे वजन दर महिन्याला तक्त्यावर चढते, दंडघेर टेपने मोजला जातो, आणि रेघ खाली वळली की ताई घरी येते. कुपोषण वेळेत पकडायची ही रीत गावागावांत रुजली आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला याहून महागडे काही लागत नाही. तपासणीच्या प्रत्येक कागदावर वजन, दंडघेर आणि कंबर लिहिली जावी, मागच्या आकड्यांशी ताडून पाहिली जावी, आणि आशाताईंनी महिन्यातून एकदा ती वही उघडून बघावी. दंडाचा घेर घटत असेल तर पंपिंगचा आकडा तसाच असूनही रुग्ण खालावतो आहे. तो अजून चालता-बोलता आहे तोवरच, नांदेडची पुढची तारीख महिनाभर लांब असली तरी, त्याला डॉक्टरांपुढे न्यायला हवे.